माईकला फुंकर मारायची नाही

परवा दुपारी दुकानात बसले होते आणि फोन किंचाळला. वाजला नाही, किंचाळला. हल्ली वादळ-पावसाची सूचना थेट फोनमधून येते, तशी. माझा फोन, गिऱ्हाइकाचा फोन, समोरच्या चहावाल्याचा फोन, सगळे एकदम बोंबलायला लागले. चष्मा शोधून वाचलं तर लिहिलं होतं, समुद्राला मोठी भरती येणार आहे, पर्यटकांनी किनाऱ्यावर जाऊ नये, पुढचा आदेश येईपर्यंत किनारे बंद. चहावाला म्हणाला, चला, एका मिनिटात अख्ख्या जिल्ह्याला कळलं. मी म्हटलं, डोंबल कळलं. त्यात 'भरती' लिहिलंय.

तो बघतच राहिला. बिचारा इथे नवीन आहे, त्याला रमणकाका ठाऊक नाही. रमणकाका असता तर तो फोन हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला असता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवून विचारलं असतं, बाबा, तुला काय कळलं ते सांग. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने या एकाच गोष्टीपायी घालवली. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाने पुन्हा कुणाचं पोरगं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

डहाणूत माझं लाउडस्पीकरचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. लग्नं, पूजा, क्रिकेटचे सामने, प्रचार, आणि पावसाळा लागला की सरकारी सूचना. सूचना म्हणजे समुद्र बंद, धबधबा बंद, पुलावरून पाणी जातंय, वादळ येतंय, घरात बसा. रिक्षेच्या टपावर दोन भोंगे, पायाशी बॅटरी आणि आवाज वाढवायचं मशीन. बाई रिक्षा चालवते म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे, मग त्यांना कंटाळा आला. मी चालवायची आणि मागे बसून रमणकाका बोलायचा. वडिलांच्या काळापासून दुकानाचा आवाज म्हणजे तोच.

आमच्याकडे काकाला कुणी अहोजाहो करत नाही. तोही मला पन्नाशी उलटली तरी 'बेबी'च म्हणायचा, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. काळाकडका उंच माणूस, मान लांबलचक, आणि त्या मानेला बारा महिने मफलर. मे महिन्यात आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि हा मफलर गुंडाळून बसलाय. दाढेखाली ज्येष्ठमधाची काडी. डहाणूचा माणूस असून बोलण्याआधी चिकू तोंडात घालायचा नाही, म्हणे गोड घशाला चिकटतं आणि आवाज जाड होतो. खिशात मात्र चिकू असायचेच, दिसेल त्या पोराच्या हातावर ठेवायला. मराठी, गुजराती, हिंदी तर यायचीच, पाड्यांवरची बोलीही त्याला बऱ्यापैकी यायची. वापीचा व्यापारी त्याला गुजराती समजायचा आणि तलासरीची म्हातारी त्याला आपल्यातला समजायची. घरी एकटाच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दुपारचं जेवण आमच्याकडे, आणि भाजीला नावं ठेवल्याशिवाय घास उतरायचा नाही.

त्याचा एक कायदा होता, माईकला फुंकर मारायची नाही. नव्या माणसाच्या हातात माईक आला की तो पहिलं काय करतो, फू फू करतो, नाहीतर बोटाने टकटक करतो. ते बघून रमणकाकाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "चूल आहे का ती, फुंकायला? बोलायचं असेल तर बोला, नाहीतर द्या इकडे," म्हणून सरळ काढून घ्यायचा. एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हातातला माईक त्याने असाच काढून घेतला होता. पाहुणे पुढची दहा मिनिटं घसा ताणून बोलले आणि आमचं पुढच्या वर्षीचं काम गेलं. मी भांडले तर म्हणाला, बेबी, माईक शब्दासाठी असतो, वाऱ्यासाठी नाही.

महालक्ष्मीच्या जत्रेत हरवलेल्या पोरांची पुकार तोच करायचा. एकदा लोक एका चिमुरडीला घेऊन आले. दोन वेण्या, नाक वाहतंय, रडून रडून उचकी लागलेली. दुसरा कुणी असता तर 'एक मुलगी हरवली आहे' म्हणून मोकळा झाला असता. रमणकाकाने तिला टेबलावर बसवलं, हातात चिकू दिला, नाव विचारलं आणि माईकवर सांगितलं, "सोनीताई इथे स्टेजजवळ बसलेल्या आहेत. त्यांचे आईबाबा हरवलेले आहेत. आईबाबांनी घाबरू नये, ताई चिकू खात आहेत." अख्खी जत्रा हसली. तिची आई गर्दीतून वाट काढत आली ती हसतच आली आणि पोरीला उचलल्यावर मग रडली. मी काकाला म्हटलं, असं उलटं कशाला सांगायचं? तो म्हणाला, पोरगी ऐकत होती ना. तिला हरवल्यासारखं वाटायला नको.

पावसाळ्यात तलासरीकडच्या डोंगरात धबधब्यावर बंदी लागली की आम्ही वाटेच्या तोंडाशी रिक्षा आडवी लावायचो. गाड्या यायच्या मुंबईच्या, सुरतेच्या. कुणी ओळख सांगायचं, कुणी आवाज चढवायचं. एक शेठ कुटुंबाला घेऊन आले होते, म्हणाले आम्ही नुसते पाय बुडवतो आणि निघतो. रमणकाका गुजरातीत शांतपणे म्हणाला, पायाला वर माणूस जोडलेला असतो ना, शेठ. शेठाणी हसली आणि शेठला गाडी वळवावी लागली. बंदी लागली की त्या वाटेवर काकड्या आणि मक्याची कणसं विकायला बसणाऱ्या बायकांचा धंदा बुडायचा. त्या त्याच्यावर भयंकर उखडायच्या. तो त्यांच्याकडूनच काकडी घ्यायचा आणि ती खात खात शिव्या ऐकून घ्यायचा.

आता त्याचा सगळ्यात मोठा हट्ट सांगते. कागदात लिहिलं असेल तेच वाचायचं, काना-मात्रा बदलायची नाही. सूचनेचा कागद आला की तो आधी दोनदा मनात वाचायचा, मग एकदा मला ऐकवायचा आणि मगच मशीन चालू करायचा. एका वर्षी टायपिंग करणाऱ्याने घोटाळा केला. 'सक्त मनाई आहे' असं हवं तिथे 'सक्ती आहे' असं छापून आलं. पर्यटकांना पाण्यात उतरण्याची सक्ती आहे. मी म्हटलं, काका, चूक आहे ती, मनाई वाच. म्हणाला, कागदात नाही. अरे पण अक्कल? तर म्हणतो, "अक्कल त्यांची, आवाज माझा. मी मधे आपली अक्कल घालायला लागलो तर उद्या लोक विचारतील, हे कागदातलं की रमणचं?" झालं. किनाऱ्यावरून दुपारभर आम्ही लोकांना समुद्रात उतरण्याची सक्ती करत फिरलो. एक नवरा-बायको रिक्षेजवळ येऊन विचारून गेले की सक्ती म्हणजे कपड्यांसकट का? संध्याकाळी दुरुस्तीचा कागद आला तेव्हा त्याने तोही तितक्याच गंभीरपणे वाचला. ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस डहाणूच्या बाजारात चालली. रमणकाकाही हसायचा, पण त्याला त्यात आपली चूक अशी काही दिसलीच नाही.

नंतर दिसली, पण हसण्यासारखी नव्हती.

पुढे एका पावसाळ्यात, एका रविवारी समुद्राला मोठं उधाण होतं. सुट्टीचा दिवस म्हटलं की तलासरीच्या गावांतूनही लोक टेम्पो करून दर्या बघायला येतात, म्हणून सूचना तिकडेही द्यायची होती. आम्ही आठवडाभर आधीपासून फिरत होतो. उधव्याच्या बाजारात गेलो, वेवजीच्या पाड्यांवरून गेलो. कागदात लिहिलं होतं, येत्या रविवारी चिखले व डहाणू किनाऱ्यावर मोठी भरती असून पर्यटक व नागरिकांनी किनाऱ्यावर जाऊ नये. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. रमणकाकाने एकही अक्षर चुकीचं वाचलं नाही.

पण भोंग्याची रिक्षा चालत असते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला वाक्याचा तुकडा येतो, बाकीचं वाक्य वळणापलीकडे जातं. वेवजीला एका टपरीवर चार पोरं बसली होती. बारावी झालेली, रोज पहाटे हायवेच्या कडेने पळणारी. तिकडच्या पाड्यांवर अशी पोरं घरटी एक सापडेल. पोलिसात लागायचं, नाहीतर फौजेत, बस, त्याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसतं. भरती म्हटलं की त्यांना एकच भरती माहीत. समुद्र वर येतो त्याला ती 'दर्याचं पाणी चढलं' म्हणतात. त्यांच्या कानावर पडलं, रविवारी, चिखले किनाऱ्यावर, मोठी भरती. 'असून' पासून पुढचं सगळं रिक्षेबरोबर निघून गेलं.

रविवारी ती चौघं पहाटेच निघाली. मुख्य रस्त्यावर गाड्या अडवायला बांबू लावला होता, माणूस उभा होता. पण ही पोरं चिकूच्या वाड्यांतून, सुरूच्या झाडांतून चालत आली. त्यांना कुणी अडवलंच नाही. किनाऱ्यावर एक नारळवाली आपलं सामान आवरून घरी निघाली होती. पोरांनी तिला विचारलं, मावशी, भरती कधी आहे? ती म्हणाली, दुपारून आहे, तोवर जेवून घ्या कुठेतरी. पोरांनी तिचे आभार मानले. ती बाई नंतर कितीतरी दिवस येईल-जाईल त्याला हेच सांगत होती, त्यांनी माझे आभार मानले हो, म्हणून.

घरून आणलेली भाकरी त्यांनी खाल्ली. साहेब लोक अजून आले नाहीत म्हणून अंग मोकळं करायला पळायला लागली. ओहोटीला आमचा समुद्र पार लांब जातो आणि पाण्याजवळची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. पळायला झकास. पण पाणी परत येतं ते समोरून येत नाही. आधी मागच्या खोलगट जागा भरतात, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं आपण कोरड्यावर आहोत. किनाऱ्यावर वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. डोंगरातल्या पोरांना ते कोण सांगणार? सांगायला तर आम्हीच गेलो होतो.

आम्ही डहाणूच्या बाजूला फिरत होतो, तेव्हा निरोप आला की चिखल्याला रिक्षा घेऊन या, भोंगा लागेल. पोचलो तर तिघं वर बंधाऱ्यावर बसली होती, थंडीने दात वाजत होते. शेजारी प्लास्टिकच्या चार पिशव्या नीट ठेवलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड. आत मार्कशीट, जातीचा दाखला, फोटो. कोळ्यांच्या होड्या पाण्यात फिरत होत्या. रमणकाका उतरला, एका पोराच्या खांद्यावर त्याने आपला मफलर टाकला आणि विचारलं, कशाला आला होतात रे इथे, आज तर बंदी आहे.

"भरतीला," पोरगा म्हणाला.

"कसल्या भरतीला?"

"तुम्हीच तर सांगत होता ना, काका. रिक्षेतून."

 रमणकाका समुद्राकडे वळला आणि तसाच उभा राहिला. मी त्याचा उघडा गळा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चौथा पोरगा मुकेश. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी सापडला.

पुढे काही दिवसांनी तो म्हणाला, बेबी, वेवजीला जायचंय, भोंगे काढून ठेव. मी जाऊ नको म्हणून सांगून बघितलं. लोक काय बोलतील, अंगावर येतील, मला धास्ती वाटत होती. पण तो ऐकणारा नव्हता. मुकेशचं घर कुडाचं, अंगण सारवलेलं. बाप कामावर गेला होता. आई होती. आम्ही कोण ते रमणकाकाने सरळ सांगितलं. ती रिक्षा हिची, तो आवाज माझा, असं. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. तिने आम्हाला बसायला दिलं, कोरा चहा केला. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"पळताना पुढं होता का माझा पोरगा?"

रमणकाकाने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "होता. सगळ्यात पुढे होता."

तिने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. सगळ्यात पुढे गेला होता म्हणूनच त्याला परत येता आलं नाही, हे बाकीच्या पोरांनी आम्हाला सांगितलं होतं. आईला ते माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मला तिथे बसवेना. मी उठून रिक्षेत जाऊन बसले आणि पोटभर रडले.

परतताना रिक्षा हायवेला लागली. तेव्हा तो म्हणाला, "कागद बरोबर होता. मी पण बरोबर वाचला. आणि पोरगा गेला." एवढंच. त्या विषयावर तो माझ्याशी पुढे कधी बोलला नाही.

पण त्या दिवसापासून माणूस बदलला. चालत्या रिक्षेतून बोलणं बंद. प्रत्येक पाड्यावर रिक्षा थांबवायची, मशीनही बंद. खाली उतरायचं, दिसेल त्या म्हातारीजवळ जाऊन बसायचं आणि कागद वाचून दाखवून विचारायचं, आजी, काय कळलं? आजीला जे कळलेलं असायचं ते ऐकून कधी कधी हसू यायचं. 'पर्यटनस्थळी प्रवेश निषिद्ध' वाचल्यावर एक आजी म्हणाली, कुणाचा निषेध करायचाय का, मोर्चा आहे का. मग तो विचारायचा, तुमच्यात याला काय म्हणतात? ती सांगेल तो शब्द घोकत घोकत रिक्षेत यायचा, मशीन चालू करायचा, कागद एकदा जसाच्या तसा वाचायचा, आणि मग थांबून म्हणायचा, "आता आपल्यात सांगतो." त्यानंतर जे सांगायचा ते त्या पाड्याचं असायचं. दर्याचं पाणी चढणार हाये, पोराबाळांना तिकडं धाडू नका.

'आता आपल्यात सांगतो' हे त्याचं नावच पडून गेलं. बाजारात पोरं चेष्टेने म्हणायची, काका, वांगी महाग झालीत, आता आपल्यात सांगा. तो रागवायचा नाही. कुणी साहेब म्हणाले की आदेशाची भाषा बदलता येत नाही, तर म्हणायचा, बदलत कुठे, एकदा तुमच्यातली सांगितली ना साहेब. चिडायची ती मी. सकाळच्या फेरीला दिवस जायला लागला, बॅटरी उतरायची, पेट्रोल जळायचं, दुपारचं जेवण संध्याकाळी. मी तोंड सोडायची. तो आपला म्हातारीच्या अंगणात उकिडवा बसून शब्द गोळा करतोय. 'भरती' हा शब्द तर त्याने तोंडातूनच काढून टाकला. समुद्राच्या भरतीला 'उधाण' म्हणायचा आणि पोलिसांच्या भरतीला 'पोलिसात माणसं घेणार आहेत'. वर्तमानपत्रात तो शब्द आला की पान उलटायचा.

आणि मग त्याचा आवाजच गेला. आधी घसा बसलाय म्हणत होता. ज्येष्ठमध वाढवलं, मफलर दुहेरी केला, हळदीचं दूध सुरू केलं. मी ओढून मुंबईला नेलं तोवर उशीर झाला होता. घशाचाच कॅन्सर. ज्या गळ्याला आयुष्यभर वारा लागू दिला नाही, त्याच गळ्याचा. मला देवाचा इतका संताप आला होता की घरातली पूजा मी कितीतरी दिवस केली नाही. रेडिएशनचे शेक दिले, औषधं झाली, आणि परत आला तेव्हा बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची. तो ओठ हलवायचा आणि मी ओठांवरून ओळखायची. बहुतेक वेळा भाजीला नावं ठेवत असायचा.

त्याच सुमारास सूचना पेनड्राइव्हवर यायला लागल्या. मशीनला लावायचा, एक गोड आवाजाची बाई बोलायला लागते. फार सुरेख बोलते, त्याबद्दल वाद नाही. पण ती म्हणायची, समुद्रास मोठी भरती. रमणकाका घरी बसला नाही. फेरीला मागे येऊन मशीनजवळ बसायचा. ती बाई 'समुद्रास मोठी' इथपर्यंत आली की बरोबर आवाजाचं बटण खाली करायचा, मला बोटाने खूण करायचा, आणि मी पुढून ओरडायची, उधाण, उधाण आहे, पाणी चढणार आहे. मग तो बटण वर करायचा. लोक म्हणायचे रेकॉर्डिंग खराब आहे. आम्ही दोघांनी मिळून तो एक शब्द पावसाळाभर डहाणूत शिरू दिला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच तो गेला. शेवटी अंथरुणावर ओळखू येत नव्हता, आणि ते मला आठवायचंही नाही. माझ्यासाठी तो शेवटचा दिसला तो श्रावणात, चिखल्याला.

बंदी होती, सुट्टीही होती. रस्त्यावर गाड्या अडवल्या होत्या. मी बंधाऱ्यावर रिक्षा लावली आणि पेनड्राइव्ह चालू केला. आभाळ गच्च, वारा समुद्राकडून तोंडावर येत होता. खाली ओहोटीच्या वाळूत, पार लांब, पाण्याच्या कडेला, काही पोरं पळत होती. चड्डी-बनियनमधली, एकामागे एक, रोज पळणारी पळतात तशी. रमणकाका मागून खाली उतरला. मी बटण पूर्ण वर केलं, बाई बोलतच होती, पोरांनी मानही वळवली नाही. ती बाई आता सगळीकडेच बोलते, बसस्टँडवर, बँकेत, फोनवर. तिच्याकडे कोण बघतो? मी माईक घेतला आणि ओरडले, पाणी चढतंय, वर या, पोरांनो वर या. वाऱ्याने माझा आवाज माझ्याच अंगावर परत आणला. मागच्या खोलगट जागेत पाणी चमकायला लागलं होतं.

तेवढ्यात रमणकाकाने माझ्या हातातून माईक काढून घेतला. पाहुण्यांच्या हातातून काढला होता तसाच. मला वाटलं, आता हा काय बोलणार. त्याने मफलर ओढून काढला, माईक तोंडाला लावला, छाती भरून घेतली आणि फुंकर मारली.

एवढी वर्षं धंद्यात आहे, माझ्या भोंग्यांतून असा आवाज कधी निघाला नव्हता. मशीनवरचे काटे थडथडले. सुरूच्या झाडांवरचे बगळे उडाले. रस्त्यावर अडवलेल्या गाड्यांतून माणसं बाहेर आली. खाली पोरं जागच्या जागी थांबली आणि वळून बघायला लागली. त्याने पुन्हा फुंकर मारली आणि दुसऱ्या हाताने वर या, वर या म्हणून खुणा केल्या. पोरांना मागचं पाणी दिसलं. ती धावत निघाली, गुडघाभर पाण्यातून पाय उचलत.

एकजण मात्र पुढे निघून गेला होता, बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. तो पळतच होता. रमणकाका फुंकत राहिला. चेहरा काळानिळा पडला, गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याचा दंड धरला, काका बस कर, जीव जाईल तुझा. त्याने माझा हात झटकला आणि बोटाने तो पुढचा पोरगा दाखवला. पुन्हा फुंकर. तेव्हा कुठे तो पोरगा थांबला, इकडे बघितलं, आणि वळला.

कमरेइतक्या पाण्यातून तो वर आला तेव्हा बाकीची पोरं घरी निघायच्या तयारीत होती. धापा टाकत, जरा वैतागूनच म्हणाला, काय झालं काका, कसला आवाज होता तो? रमणकाकाने सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, नुसती हवा आली. मग त्याने माईक मफलरने नीट पुसला, माझ्याकडे दिला, आणि त्या पोराचं मनगट घट्ट धरलं.

पोरगा माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. "काका, सोडा ना हात," म्हणाला, "घरी जायचंय."

रमणकाकाने हात सोडला नाही.